बाल्कनीचं रेलिंग आणि लोहचुंबकाचा खेळ

संपादक महोदय, नमस्कार.

आमच्या इथे दांडिया बाजारात जुनी घरं पाडून फ्लॅट होतायत आणि सगळ्यांना बाल्कनीला चकचकीत स्टीलचं रेलिंग हवंय. मलाही हवं होतं. फॅब्रिकेटर म्हणाला काका ३०४ आहे (म्हणजे स्टेनलेस स्टीलची चांगली ग्रेड), हे बघा लोहचुंबक चिकटत नाही, झालं, मी भुललो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी तांबूस डाग. नंतर कळलं की २०२ ग्रेडलाही चुंबक जवळपास चिकटतच नाही, म्हणजे ती टेस्ट या दोघांत फरक सांगूच शकत नाही! २०२ मध्ये निकेल कमी आणि मॅंगनीज जास्त असतं म्हणून ते स्वस्त आणि गंजायला सोपं, तर ३०४ मध्ये निकेल साधारण ८ टक्के. तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या, आणि स्टीलची ग्रेड ओळखायच्या टेस्टिंगच्या थेंबाची बाटली मिळते ती आणून पाईपवर स्वतःसमोर तपासून घ्या.

काचेचं करणार असाल तर नुसती टफन्ड (तापवून मजबूत केलेली काच) नको, लॅमिनेटेड टफन्ड (मध्ये फिल्म घालून चिकटवलेल्या अशा काचा) घ्या, कारण टफन्ड फुटली की बारीक तुकडे होऊन खाली रस्त्यावर, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या फिल्मला धरून राहतात. लहान मुलं असतील तर आडव्या पट्ट्या अजिबात नकोत, शिडीच ती, आमचा नातू दोन मिनिटांत वर होता. उभे बार, मधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी.

जुन्या वाड्यांच्या बिडाच्या जाळ्या भंगारात जाताना बघून मात्र जीव तुटतो हो, रंग मारत राहिलं तर अजून कितीतरी वर्षं टिकल्या असत्या.

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा