सूचना : नव्या परवानाधारक सभासदांसाठी, पावसाळ्यातली सफाई

सभासदहो,
कोकणच्या दमट हवेत पिस्तुलाला गंज फार लवकर चढतो. सरावानंतर सफाई त्याच दिवशी करा. ‘रविवारी बघू’ चालणार नाही.

सफाईला बसण्याआधी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात. पिस्तुलाचे आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा. क्रम उलटा झाला तर नवी गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या गोळीच्या घरात) चढते आणि आपण पिस्तूल रिकामे समजून बसतो. चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर (गोळ्यांचे फिरते चाक) उघडून प्रत्येक घर तपासा.

नळी शक्यतो चेंबरच्या बाजूने साफ करावी. रिव्हॉल्व्हरला ते जमत नाही, तेव्हा तोंडाकडून सळई घालताना ती कडेला घासू देऊ नका, नेम बिघडतो. शेवटी बंदुकीच्या तेलाचा पुसट हात पुरे. जास्त तेल काजळी धरते. खोबरेल तर नकोच, थंडीत ते थिजते! (दरवर्षी कुणीतरी विचारतेच.)

चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र ठेवून देऊ नका, चामडे ओल धरते.

चाप किंवा घोडा अडत असेल तर घरी खोलू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. तसा परवाना असलेल्याकडेच न्या.

– सचिव