‘म्युरल’ एका रात्रीत झालेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या ‘म्युरल’ या चित्रावरचा लेख वाचला. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या मालकीच्या या चित्रावर मराठीत कुणी पानभर लिहिले याचा आनंद दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. वीस फुटी कॅनव्हास पोलॉकने एका रात्रीत रंगवला, ही दंतकथा आपण पुन्हा खरी म्हणून छापलीत!

मी चित्रकला शिकवतो. ही गोष्ट माझ्या वर्गात सारखी येते. मागे एका गुणी मुलाने कच्ची रेखाटने करणे साफ सोडून दिले. कागद कोरा ठेवायचा आणि काम जमा करण्याच्या आदल्या रात्री सगळे उरकायचे. विचारले तर म्हणाला, “सर, पोलॉकनेही असंच केलं होतं.” हात चांगला होता हो त्याचा. त्याचे ते अख्खे वर्ष वाया गेले, याचा मला आजही राग येतो.

२०१२ ते २०१४ या काळात लॉस एंजेलिसच्या गेटी या कलासंस्थेतील तज्ज्ञांनी हे चित्र थराथराने तपासले. पिवळा, निळसर हिरवा, लाल, तपकिरी अशा पातळ रंगांचे सुरुवातीचे फटकारे ओल्यावर ओले, म्हणजे आधीचा रंग वाळण्यापूर्वीच, पडलेले आहेत. तेवढे एका बैठकीत झाले असेल. पण वरचे तैलरंगाचे थर खालचा रंग वाळल्यावर चढले आहेत, आणि तैलरंग रात्रीत वाळत नाही. मधल्या जागा भरायला घराच्या भिंतींना लावायचा स्वस्त पांढरा रंगही आहे. म्हणजे माणूस मागे सरून बघत होता, ठरवत होता, पुन्हा हात लावत होता. खुद्द पोलॉकने जानेवारी १९४४मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात हे चित्र आदल्या उन्हाळ्यात काढल्याचे म्हटले आहे; एका रात्रीचा उल्लेख नाही. आपल्या लेखकाने यातले काहीच वाचले नाही?

वर लेखक विचारतात, एवढे महागडे चित्र विद्यापीठाने विकून का टाकू नये? २००८मध्ये आयोवात आलेल्या पुरानंतर तिथेही हे बोलले गेले. २०११मध्ये विक्रीच्या पैशांतून शिष्यवृत्त्या द्याव्यात असे विधेयकही आयोवाच्या विधिमंडळात आले आणि मागे पडले. फार बरे झाले. पोलॉककडून हे काढून घेणाऱ्या कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने १९५१मध्ये विद्यापीठाला दिलेले हे चित्र खासगी मालकाकडे गेले असते, तर त्याने ते इतका काळ तपासायला दिलेच असते याची खात्री कुणी द्यावी? विद्यापीठाने दिले, म्हणून खरे कळले. २०२२पासून ते विद्यापीठाच्या नव्या स्टॅनली कलासंग्रहालयात विद्यार्थ्यांसमोर आहे.

आणखी एक. आठ फूट उंच, वीस फूट लांब चित्राच्या दोन्ही बाजू कापून आपण ते चौकोनी छापलेत. चित्राची लयच त्या लांबीत आहे. कृपया येत्या पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि सोबत चित्र पूर्ण, आडवे द्यावे. दोन पाने लागली तरी चालतील.

आपला,
एक कलाशिक्षक