लांब मतपत्रिका बंद करण्याआधी : पंतप्रधान मार्क कार्नी यांना खुलं पत्र

मा. मार्क कार्नी,
पंतप्रधान, कॅनडा

स. न. वि. वि.

मी ओटावात राज्यशास्त्र शिकते. तुमच्या नेपियन मतदारसंघाला लागून असलेल्या कार्लटनमध्ये माझं मत आहे. 28 एप्रिल 2025 ला आयुष्यातलं पहिलं मत द्यायला गेले, तर हातात जवळजवळ मीटरभर लांबीची मतपत्रिका आली. 91 नावं, दोन रकान्यांत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती पुरती उलगडेना. हवं ते नाव सापडल्यावर फुली मारली आणि घडीवर घडी घालून ती पेटीत कोंबली. शेजारचे आजोबा बराच वेळ एकेका ओळीवरून बोट फिरवत होते. त्यांचे हाल मला दिसत होते. तरीही ज्यांनी हा घाट घातला, त्यांची बाजू मी घेणार आहे.

निषेध म्हणून एकाच मतदारसंघात ढिगाने उमेदवार उभे करणाऱ्या ‘लाँगेस्ट बॅलट कमिटी’ या गटाचा हा घाट. त्यांचं म्हणणं सरळ आहे. निवडणुकीचे नियम त्याच नियमांवर निवडून येणाऱ्यांनी ठरवू नयेत, ते काम नागरिकांच्या स्वतंत्र सभेकडे द्यावं. ऑगस्ट 2025 मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या बॅटल रिव्हर-क्रोफुटच्या पोटनिवडणुकीत त्यांनी उमेदवारांची संख्या 214 वर नेली. शेवटी मतदारांना कोऱ्या मतपत्रिकेवर नाव लिहावं लागलं. तेव्हापासून नियम कडक करा, एकाच मतदाराला अनेक उमेदवारांच्या अर्जांवर सही करू देऊ नका, अशी मागणी जोरात आहे. सह्यांचा नियम बदलायला माझी हरकत नाही. पण तेवढंच करून विषय मिटवू नका.

माझे बाबा बेळगावचे. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत तिथे 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून मराठी माणसांनी ढिगाने अर्ज भरले होते. त्याच वर्षी भारतात कायदा बदलला आणि खुल्या गटासाठी लोकसभेची अनामत रक्कम 500 वरून 10,000 रुपयांवर गेली. मतपत्रिका आटोपशीर झाल्या. सीमाप्रश्न मात्र आजही सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. कॅनडात तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

कारण दुखणं खरं आहे. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तोच निवडून येतो; बाकीच्यांची मतं मोजून जागा मिळत नाहीत. 2019 आणि 2021 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभरात तुमच्या लिबरल पक्षापेक्षा जास्त मतं पडली, तरी जास्त जागा तुमच्याच आल्या. 2025 मध्ये एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) आणि फक्त क्विबेक प्रांतात लढणारा ब्लॉक केबेक्वा, दोघांनाही साधारण 6.3 टक्के मतं मिळाली. एनडीपीच्या पदरात 7 जागा पडल्या, ब्लॉकच्या 22. मतं एका प्रांतात एकवटलेली असली की फळतात, देशभर विखुरली की वाया जातात. माझ्या वर्गातल्या ज्यांनी एनडीपीला मत दिलं, त्यांना आता काय सांगू? पुढच्या वेळी नाइलाजाने दुसऱ्याला द्या, असं?

तुमच्या आधीचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी शब्द दिला होता की 2015 ची निवडणूक या पद्धतीची शेवटची असेल. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांच्या सरकारने तो शब्द सोडून दिला. ते वचन तुमचं नव्हतं, हे मला मान्य आहे. पक्ष मात्र तोच आहे.

नागरिकांची सभा म्हणजे काही हवेतली कल्पना नाही. 2004 मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिठ्ठ्या टाकून निवडलेले 160 नागरिक महिनोन्‌महिने बसले, मतदानाच्या पद्धती शिकले, लोकांचं ऐकून घेतलं आणि नवी पद्धत सुचवली. 2005 च्या सार्वमतात 57.7 टक्के लोकांनी तिला कौल दिला. अट 60 टक्क्यांची होती, म्हणून ती बारगळली. राज्यशास्त्राचा गंधही नसलेली ही माणसं एवढं गुंतागुंतीचं काम नेटाने करू शकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे. उमेदवारी अर्जाचे नियम बदलणारं विधेयक आणाल, तेव्हा अशी राष्ट्रीय नागरिक सभा नेमण्याची तरतूद त्यातच करा. तिच्या शिफारशींवर संसदेत खुलं मतदान घ्या, खासदारांना पक्षादेश न काढता.

कळावे,
कार्लटनची एक विद्यार्थिनी मतदार