नूतनीकरणाच्या नावाखाली विकलेल्या गादी-पलंगात ढेकूण निघाल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुने फर्निचर विक्री विभाग, पुणे

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही मार्च महिन्यात एक बॉक्स पलंग व त्यावरची गादी विकत घेतली. दोन्ही वस्तू वापरलेल्या आहेत याची आम्हाला कल्पना होती आणि त्याबद्दल काहीही म्हणणे नाही. तक्रार आहे ती पावतीवर छापलेल्या ‘तपासून, निर्जंतुक करून, नूतनीकरण केलेले’ या शब्दांबद्दल, कारण त्यांच्यावर विसंबूनच हा पलंग आम्ही सासूबाईंच्या खोलीत लावला.

थोड्याच दिवसांत सासूबाईंच्या दंडावर व मानेवर ओळीने गांधी उठू लागल्या आणि त्यांची रात्रीची झोप उडाली. डॉक्टरांनी अंथरूण तपासायला सांगितले, तेव्हा मी गादीचे नवेकोरे कापड उसवले. आत जुनीच खोळ होती. तिच्या कडेच्या शिवणीत शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके, फिकट तपकिरी काती आणि कोपऱ्यांत दाटीने बसलेले जिवंत ढेकूण होते. उशाकडची फळी सोडवली, तर प्लायवुडच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पांढरी अंडी चिकटलेली आढळली. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

‘ढेकूण तुमच्याच घरातले असतील’ हे आपल्या प्रतिनिधींचे उत्तर मला मान्य नाही. ढेकणाच्या पिल्लाला पूर्ण वाढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी त्याआधी रक्त प्यावे लागते. त्यामुळे शिवणीत साचलेला कातींचा तो थर आमच्याकडच्या थोड्या दिवसांतला असूच शकत नाही. मोठा ढेकूण अन्नावाचून कित्येक महिने तग धरतो, म्हणजे गोदामात पडून राहिल्याने गादी आपोआप स्वच्छ होत नाही. शिवाय त्याच खोलीतल्या आमच्या जुन्या लोखंडी खाटेत आणि कपाटात एकही ढेकूण सापडला नाही.

आपण फक्त गादी बदलून देण्याची आणि एकदा औषध फवारण्याची तयारी दाखवली आहे. पलंग तोच राहिला, तर नवी गादीही त्यातल्या ढेकणांच्या तावडीत सापडणार, हे उघड आहे. बऱ्याच औषधांनी अंडी मरत नाहीत आणि ती साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. म्हणून दुसरी फवारणी अटळ असते. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना अनेक ठिकाणचे ढेकूण आता दादही देत नाहीत. ‘गादी उन्हात टाका’ हा सल्लाही निरुपयोगी आहे. पूर्वी खाटा अंगणात काढून त्यांवर उकळते पाणी ओतत, पण प्लायवुडवर तसे करता येत नाही. अंडी मरायची तर सुमारे पन्नास अंश उष्णता आतपर्यंत पोचून टिकावी लागते, आणि बडोद्याच्या कडक उन्हातही फोमची जाड गादी वरून पोळते, आतून नाही.

आमचे घर दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आहे. शेजारच्या बिऱ्हाडाच्या आणि आमच्या मध्ये केवळ लाकडी भिंत आहे, आणि तिच्या फटींतून ढेकूण पलीकडे गेले, तर त्या माणसांना मी काय सांगावे?

म्हणून माझी मागणी आहे की, गादी व पलंग दोन्ही जागेवरच प्लास्टिकमध्ये बंद करून स्वतंत्र वाहनाने परत न्यावेत, पूर्ण रक्कम परत करावी आणि परवानाधारक कीडनियंत्रकाकडून दोन्ही वेळच्या उपचाराचा खर्च द्यावा. ही गादी नवे कापड चढवून पुन्हा कोणालाही विकू नये. त्या खेपेत ज्यांच्याकडे आपला माल गेला, त्या सर्वांना तपासणी करण्यास कळवावे. मला ही मागणी पैशांहून महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्या घरांतही लहान मुले आणि वृद्ध असतील.

ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तोवर दोन्ही वस्तू बांधून ठेवल्या आहेत. त्या नेण्याची तारीख लेखी कळवावी.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत: पावतीची प्रत, छायाचित्रे, डॉक्टरांची चिठ्ठी