त्रास न देणाऱ्या मुलींविषयी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आपण राधानगरीचे, त्यामुळे आमच्याकडची शाळा कशी असते ते आपल्याला सांगायला नको. वर्षातून एकदा आरोग्य तपासणीची गाडी यायची. डॉक्टर विचारायचे, "बाई, कुणाबद्दल काही शंका?" मी लगेच तीन-चार पोरांकडे बोट दाखवायची. बाकावर चढणारा, खडू फेकणारा, पुढच्याच्या पाठीत धपाटा घालणारा. सगळे मुलगे. इतक्या वर्षांत एकाही मुलीकडे माझं बोट गेलं नाही.

गेल्या दिवाळीत कोल्हापुरात महाद्वार रोडवर एक जुनी विद्यार्थिनी भेटली. गर्दीचा गलका तिला सोसेना, म्हणून आम्ही शेजारच्या बोळात जाऊन बोललो. पुण्यात नोकरी करते. पाच वर्षं नैराश्याच्या गोळ्या खाल्ल्यावर तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी तिला एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही) आणि ऑटिझम (लोकांत मिसळणं, त्यांचे हावभाव समजणं अवघड जातं), दोन्ही असल्याचं निदान केलं. रागानं नाही, हसतच म्हणाली, "बाई, माझ्या प्रगतिपुस्तकात तुम्ही लिहिलं होतंत, 'शांत व आज्ञाधारक. लक्ष दिल्यास प्रगती होईल.'"

घरी आले आणि तिची वही आठवली. पहिलं पान मोत्यासारखं, समास आखलेला. चौथ्या पानावर तारीख नाही. सातव्यावर वाक्य अर्ध्यात सोडलेलं. वर्गात विनोद झाला की ती आधी शेजारणीच्या तोंडाकडे बघायची, मग हसायची. आम्ही म्हणायचो, लाजाळू आहे. शाळेतून गेली की दप्तर टाकून कॉटखाली पडून राहायची, हे तिनं आत्ता सांगितलं. आईला वाटायचं, नाटकं करते.

खरं तर आमच्या भाषेतच घोळ आहे. एडीएचडीला आपण 'अतिचंचलता' म्हणतो. मग खिडकीशी गप्प बसलेल्या पोरीत ती कोण शोधणार? तिचं चंचल असतं ते मन, पाय नव्हे. ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो, आणि एका मैत्रिणीला धरून, तिची नक्कल करत दिवस काढणारी मुलगी कुणालाच स्वमग्न वाटत नाही. तिच्यासाठी आमच्याकडे वेगळे शब्द तयार: वेंधळी, धांदरट, खुळी. पुढे 'सासरी कसं व्हायचं हिचं?' डॉक्टरांचीही सुरुवात मुलग्यांपासूनच झाली म्हणा. डॉ. कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमवर लिहिलं तेव्हा 11 मुलांत 3 मुली होत्या. पुढच्याच वर्षी डॉ. अ‍ॅस्परगर यांनी वर्णन केलेले सगळे मुलगेच.

साहेब, योजना नाही अशी माझी तक्रार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, आणि तपासायच्या यादीत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकात महिला डॉक्टरचीही तरतूद आहे. पण वजन, दात, डोळे बघता बघता दुपारची सुट्टी होते, आणि बाकीचं माझ्यासारखीच्या बोटावर राहतं.

ते बोट बाजूला करा. सहावी-सातवीच्या प्रत्येक मुलीशी महिला डॉक्टरांनी दहा मिनिटं एकटीशी बोलावं, शिक्षकांनी नाव दिलेलं असो वा नसो. अभ्यास वाढतो, मैत्रिणींचे गट पडतात, पाळी सुरू होते, तेव्हाच तोवर कसंबसं सांभाळलेलं सुटायला लागतं. आईलाही विचारावं, पण 'काही त्रास आहे का' असं नको, 'घरी आल्यावर काय करते' असं. शंका आली तर पुढची तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, महिन्यातून एक ठरलेला वार धरून व्हावी. चंदगडच्या बाईला लेकीला घेऊन कोल्हापूरला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं. दुसऱ्या तारखेला ती येत नाही.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तो विषय दिल्लीचा, पण राज्यानं तिकडे लिहायला काय हरकत आहे?

मुलींना विचारायचे प्रश्न छापील मराठीत नकोत. 'तंद्री लागते का' हे आमच्या पोरींना कसं विचारायचं ते मला येतं. आपल्या खात्यानं बोलावलं तर लिहून द्यायला येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर