विषय : डिलीट केलेलं खातं पुसलंही जात नाही, परत उघडताही येत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आजचा चौथा फोनही फुकट गेला, म्हणून लेखी देतो आहे.

खातं मी स्वतः डिलीट केलं. 'तुमची सर्व माहिती कायमची काढून टाकली आहे' असा संदेश आला. आता त्याच ईमेलने नवीन खातं उघडायला गेलो, तर 'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे'. लॉगिन करायला गेलो, तर 'असं खातं नाही'. जाहिरातीचा मेल मात्र दर सोमवारी येतो, माझं नाव घालून.

फोनवर काय झालं ते वाचा. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "सर, सिस्टीममध्ये तुमचं खातंच दिसत नाही." मग ईमेल मोकळा करा, म्हटलं. "खातं असल्याशिवाय ईमेल काढता येत नाही." मग नवीन खातं उघडून द्या. "तो ईमेल वापरात आहे, सर." कोणाच्या? मला होल्डवर ठेवलं, परत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याच." वर सल्ला, "दुसरा ईमेल काढा ना, फुकट मिळतो." अकरा वर्षं वापरतोय तो पत्ता मी बदलायचा? तुम्हाला टेबलातली एक रो, म्हणजे एक नोंद, सांभाळता येत नाही म्हणून?

मी डेटाबेसचंच काम करतो. तुम्ही रो काढत नाही, नुसती 'डिलीट'ची खूण, म्हणजे फ्लॅग, लावता, हे बाहेरूनही कळतं. लॉगिनची क्वेरी, म्हणजे खातं शोधणारी आज्ञा, तो फ्लॅग बघते. एकच ईमेल दोनदा नोंदू न देणारा युनिक इंडेक्स मात्र तो फ्लॅग बघत नाही. मेलची यादी वेगळ्या टेबलात असणार, तिथे फ्लॅग पोचतच नाही. जुन्या बिलांसाठी रो ठेवावी लागते, मान्य. कॅस्केड लावून, म्हणजे खात्याबरोबर त्याला जोडलेलं सगळं काढून, बिलंच उडवा असं मी म्हणत नाही. पण बिल खात्याला जोडणाऱ्या फॉरेन कीला खात्याचा आयडी पुरतो. बिलावरचं नाव बिलाच्या टेबलात ठेवा आणि खात्याच्या रोमधून नाव, ईमेल, फोन पुसून नल, म्हणजे रिकामं, करा. रो जशीच्या तशी ठेवायचीच असेल, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्सला अट घालून तो फक्त चालू खात्यांपुरता करता येतो. एका ओळीचं काम आहे. मग 'कायमची काढून टाकली' असं खोटं का सांगितलंत? याचाच राग जास्त आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता.

आठ दिवसांत माझा ईमेल मोकळा करा, मेलच्या यादीतून नाव काढा आणि माझी कोणती माहिती कोणत्या कारणासाठी ठेवली आहे ते लेखी कळवा. नाही कळवलंत तर ही तक्रार, तुमच्या त्या संदेशाच्या स्क्रीनशॉटसकट, माहिती संरक्षणाच्या यंत्रणेकडे जाईल. पाचवा फोन मी करणार नाही.

– तुमचा माजी ग्राहक