चार लाख आणि पोह्यांचा डबा

नाशिक, रविवार, २८ जून २०२०

चि. सौ. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, चार लाख साठलेत, फ्लॅटच्या कर्जात टाकून थोडे मोकळे होऊ का?" आणि मी "बघू, सांगतो" म्हणून फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल बाबांना काही काम आलं. काम कसलं, रविवारी मला काय काम? आई शेजारी बसून भेंडी चिरत होती आणि तिच्यासमोर हा विषय काढायची माझी छाती नव्हती. का ते आता लिहितो. पानं कंपनीतल्या स्टोअरच्या रद्दीतली आहेत. पाठीमागे कुठल्याशा बुशिंगची मापं दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

फेब्रुवारीत माझी ती जुनी विम्याची पॉलिसी पिकली. दोन लाखांवर थोडे आले. आपल्या पाथर्डी फाट्याच्या घरावर तेव्हा ८ लाख ४० हजार बाकी होते, व्याज साडेआठ टक्के, हप्ता १४,५००. म्हणजे अजून ७५ हप्ते. माझी नोकरी उरली पावणेपाच वर्षं आणि हप्ते सव्वासहा वर्षांचे. हे गणित मला दोन वर्षं रात्री झोपू देत नव्हतं. म्हणून पैसे हातात पडले त्याच आठवड्यात मी बँकेत गेलो आणि पुरे दोन लाख कर्जात भरले. हप्ते ७५ चे ५३ वर आले, व्याजाचे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास वाचले. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही, २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने तो बंदच केलाय, त्यामुळे एक रुपया वर गेला नाही. त्या संध्याकाळी मी येताना मिसळ खाऊन आलो. एकटाच. एवढा खूश होतो.

आईला घरी आल्यावर सांगितलं. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, बँकेला दिलेले पैसे अडीअडचणीला बँक परत देते का?" मी तिला व्याजाचं गणित समजावत बसलो. गणित बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. तिचा प्रश्न गणिताचा नव्हताच, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

पुढचं तुला माहीत आहे. २२ मार्चला टाळ्या-थाळ्या, २४ ला रात्री आठला लॉकडाऊनची घोषणा, आणि २५ ला पाडवा. गुढीला हार मिळाला नाही, आईने अंगणातल्या जास्वंदीवर भागवलं. मार्चचा पगार पूर्ण आला. पगार कापू नका असा केंद्राचा आदेशही निघाला होता. पण आमचे मालक स्वतःच गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे, तिकडची लाइन बंद म्हणजे इकडे ऑर्डर शून्य. एप्रिलचा पगार अर्धा आला आणि मेचाही अर्धाच. त्यांना दोष देत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तेव्हा ज्याला अर्धा तरी मिळाला तो नशीबवान. विल्होळीच्या बाजूला हायवेवरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन, लेकरं खांद्यावर टाकून मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशाकडे चालत निघाली होती. आपल्या सोसायटीतून आम्ही पाळीपाळीने पोळ्या-भाजीची पाकिटं नेऊन द्यायचो. ते बघितल्यावर अर्ध्या पगाराबद्दल तोंड उघडायची लाज वाटायची.

आता जे तुला सांगितलेलं नाही ते. ११ एप्रिलला आजी बाथरूममध्ये घसरली हे तुला माहीत आहे. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली हेही माहीत आहे. "खर्चाचं काय?" विचारलंस तेव्हा मी "सगळं झालं, काळजी करू नकोस" म्हणालो. काय झालं ते असं, की हॉस्पिटलने दाखल करतानाच पैसे भरायला सांगितले. एकूण ३८ हजार लागले. खात्यात होते १९ हजार, आणि १५ तारखेला त्यातूनच १४,५०० चा हप्ता जाणार होता. फेब्रुवारीत दोन लाख ज्या माणसाने बँकेला उचलून दिले, तो एप्रिलमध्ये वीस हजारांसाठी कोणाला फोन लावावा याचा विचार करत हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होता. तुझ्या काकाला लावणार होतो. आईने फोन हातातून काढून घेतला, घरी गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. रुमालात २६ हजार. भिशीचे, दिवाळीच्या ओवाळणीचे, शिवणाचे. पोह्यांच्या मोठ्या डब्यात, पोह्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. कधीपासून साठवत होती देव जाणे. नोटांना पोह्यांचा वास येत होता.

हॉस्पिटल भागलं, हप्ता राहिला. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली होती. आधी मी ती घेणारच नव्हतो, हप्ता चुकवणं आपल्या घरात कधी झालं नाही. पण मग घेतली. एप्रिल आणि मे, दोन हप्ते. बँकेच्या मेसेजला उत्तर द्यायचं एवढंच काम होतं. ते बटण दाबायला मला तासभर लागला. आजूबाजूचे काही जण पीएफमधून काढत होते, तीही सोय सरकारने केली होती. आईने त्याला साफ नकार दिला. म्हणाली, "ते पैसे म्हणजे आपलं म्हातारपण आहे."

सवलत म्हणजे माफी नव्हे, हे तुझ्या ऑफिसातल्या पोरांनाही सांग. अर्ध्या लोकांना वाटतं हप्ता माफ झाला. व्याज चालूच असतं. माझं बघ. मार्चचा हप्ता गेल्यावर बाकी ६ लाख ३० हजार होती. दोन महिने काही न भरल्यामुळे तीत जवळजवळ नऊ हजार वाढले. हे नऊ हजार आता शेवटपर्यंत व्याज खात बसणार. हिशेब केला तर दोन हप्ते टाळून कर्ज जवळजवळ तीन महिने लांबलं, खिशातून तेराएक हजार जादा जाणार. माझं कर्ज संपत आलेलं, म्हणून एवढ्यावर भागलं. नव्या कर्जाला तर हप्त्यात बहुतेक व्याजच असतं. स्टेट बँकेनेच उदाहरण दिलं होतं: ३० लाखांचं कर्ज, १५ वर्षं बाकी, तीन महिने सवलत घेतली तर २ लाख ३४ हजार जादा, म्हणजे आठ हप्ते. आता ३१ ऑगस्टपर्यंत मुदत वाढवलीय. तुम्ही घेतली नाहीत ते उत्तम केलंत. गरज नसेल तर घेऊही नका.

आता तुमच्या चार लाखांकडे येतो. अभिजितरावांचं म्हणणं मला कळतं. बचत खात्यावर तीन टक्केही मिळत नाहीत, पीपीएफसुद्धा एप्रिलपासून ७.९ वरून ७.१ झाला, मग सात टक्क्यांचं कर्ज फेडलेलं काय वाईट? वाईट नाहीच. मी त्यांच्या जागी फेब्रुवारीत असाच विचार केला होता.

काल दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तुमचं कर्ज गेल्या नोव्हेंबरचं, ३८ लाख, ८.२ टक्के, वीस वर्षं. ते रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराशी, जोडलेलं आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला जोडायची असा नियमच आहे. रेपो तेव्हा ५.१५ होता, २७ मार्चला ४.४० झाला आणि २२ मेला ४.००. म्हणून तुमचा दर ७.०५ वर आला आणि हप्ता ३२,३०० वरून २९,६०० झाला. तू तो निरोप आनंदाने दिलास, आणि मी मनात चरफडलो, कारण माझं कर्ज जुन्या पद्धतीचं, त्याचा दर वर्षातून एकदाच बदलतो. रेपो कितीही उतरो, मला अजून साडेआठच. बदलून घेता येतो, फी भरून. शाखेत गेलो होतो, काऊंटरवरच्या मुलीने दाराबाहेरच उभं केलं आणि अर्ज ऑनलाइन करा म्हणाली. तो ऑनलाइन अर्ज तुला करून द्यायचा आहे, विसरू नकोस.

तर चार लाख आज एकदम टाकले आणि हप्ता २९,६०० च ठेवला, तर २३३ पैकी ४६ हप्ते कमी होतात. छान वाटतं. पण चार लाख हातातच ठेवून दर महिन्याला फक्त पाच हजार वर भरत गेलात, तर ६० हप्ते कमी होतात. एकूण पाहिलं तर त्यात आठ लाखांवर पैसे जातात हे मान्य, अभिजितराव लगेच म्हणतील. पण ते एकदम जात नाहीत, महिन्याच्या महिन्याला जातात, आणि ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात कोणी विचारत नाही. पेट्रोल नाही, कँटीन नाही, शनिवारचं हॉटेल नाही. पाच हजार तुमचे तसेच वाचत असणार. अभिजितरावांचा पगार वीस टक्के कापूनसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: हप्ता उतरलाय तो उतरलेलाच राहू दे, मुद्दाम वाढवून घेऊ नका. बँकेला बांधील असलेली रक्कम जितकी कमी तितकी बरी. वरचे पैसे आपण आपल्या मर्जीने भरायचे. भरताना अर्जात लिहायचं, रक्कम मुद्दलातून वजा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर ते हप्ता कमी करून टाकतील. आणि पावती घ्या, दर तीन महिन्यांनी स्टेटमेंटमध्ये मुद्दल खरंच उतरलंय का ते बघा. मी फेब्रुवारीत पाहिलं तर दोन लाख आधी भलत्याच खात्यात जमा झाले होते, चार दिवस खेटे घातले. मापाचं व्हर्नियर लावल्याशिवाय पार्ट पास करायचा नाही ही सवय म्हणून सापडलं.

आणि ते चार लाख. तुमचा हप्ता धरून घरखर्च महिन्याला साठ हजार धर. सहा महिन्यांचे झाले तीन लाख साठ हजार. म्हणजे हे पैसे जादाचे नाहीतच, मुक्ता. हे तुमचे पोह्यांच्या डब्यातले आहेत. त्यात दिवाळीच्या सुमारास पाहुणा येतोय. तेव्हा दवाखान्यांची काय अवस्था असेल, आईला पुण्याला यायला पास लागेल की नाही, कुणाला माहीत. निम्मे बचत खात्यात ठेव आणि निम्मे लहान लहान एफडीत, एकच मोठी करू नकोस, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. व्याज कमी मिळतं म्हणून हळहळू नकोस. बाळ झालं, अभिजितरावांचा पगार पूर्ववत झाला, की मग वर जे उरेल ते खुशाल टाका कर्जात, तेव्हा मी स्वतः हिशेब करून देईन.

बाकी ठीक. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमची शिफ्ट सुरू आहे, निम्म्या माणसांवर. जूनचा पगार पूर्ण मिळेल असं म्हणतात. १५ जूनचा हप्ता गेला. आजीचं प्लास्टर निघालं, बोटं अजून नीट मिटत नाहीत, पण जपमाळ ओढते. एप्रिलमध्ये गावाकडचे शेतकरी द्राक्षं टेंपोतून थेट सोसायटीच्या गेटवर आणून विकत होते, बाजार बंद म्हणून. तेव्हा आईने जास्तच घेतली आणि गच्चीवर वाळवून बेदाणे केले. तुझ्यासाठी किलोभर बाजूला ठेवलेत, मेतकूट आणि लसणाची चटणीही आहे. कुरियर सुरू झालं की पाठवतो.

हे पत्र आल्याचं आईला बोलू नकोस. डब्याचं तिने तुलाही सांगितलेलं नाही, मला सांगायला लागलं तेच तिला अजून लागलंय. परवा ती शेजारी गेली होती तेव्हा मी तो डबा उतरवून हात घालून पाहिला. तळापर्यंत नुसते पोहेच आहेत. जागा बदललीय.

तुझा,
बाबा

ता.क. तो ऑनलाइन अर्ज. फी किती पडते ते आधी बघ, मग कर.